गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर: तीन गटांना एकच पत्रक द्यावं की तीन वेगळी? सल्ला हवा

आरोग्यसखी_पर्वती
पुढच्या महिन्यात पुण्यात तीन ठिकाणी बोलायचंय. जनता वसाहतीतल्या घरकामगार बायका, हिंजवडीच्या एका ऑफिसातल्या तिशी-चाळिशीच्या मुली, आणि सहकारनगरचा ज्येष्ठ महिला संघ. हातात द्यायला पत्रक छापायचंय: ए फाइव्ह, दोन्ही बाजू, एकरंगी. बजेट 4,000 रुपये, वर एक पैसा नाही. प्रत्येक गटात धोक्याचं कारण वेगळं आहे, मग मजकूरही वेगळा हवा का? कुठले आकडे ठेवू, कुठले गाळू?

छापील_शनिवारपेठ
पत्रकं बाहेर पडताच भेळेला जातात. 6 बाय 3 चे तीन फ्लेक्स करा, आयलेट मारून घ्या, वर्षभर टिकतील. पत्रकच हवं असेल तर रंगीत करा, 130 जीएसएम आर्ट पेपर, वरून लॅमिनेशन.

आकडेमोड
ताई, तीन वेगळी करा. कारणं खरंच वेगळी आहेत. प्रोजेस्टेरॉनची जोड नसलेलं इस्ट्रोजेन अस्तर वाढवत राहतं, हे सूत्र सगळीकडे एकच. पण ते जास्तीचं इस्ट्रोजेन येतं कुठून हे गटागणिक बदलतं. हिंजवडीत पीसीओएस, वाढलेलं वजन, मूल नसणं किंवा उशिरा होणं. वजनासाठी परदेशी 30 चा बीएमआय छापू नका, आपल्याकडे 23 पासून जादा आणि 25 पासून लठ्ठ धरतात. कंबर 80 सेंमीच्या वर गेली की लक्ष द्यायचं. सहकारनगरात वय, मधुमेह, आणि स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन (अस्तरावर इस्ट्रोजेनसारखं वागणारं औषध) घेणाऱ्या बायका.
वस्तीत याचं प्रमाण कमीच. बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 पासून चालू आहे, तिथे अस्तराच्या कॅन्सरपेक्षा गर्भाशयमुखाचा कॅन्सर पुढे. वस्तीत तेवढंच सांगा.

सोनो_डेक्कन
तिन्ही ठिकाणी एकच सांगा: ट्रान्सव्हजायनल, म्हणजे योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी. पाळी गेलेल्या बाईला रक्तस्राव झाला आणि अस्तर 4 मिमी किंवा कमी भरलं, तर कॅन्सर नसण्याची खात्री 99 टक्क्यांच्या वर. लघवी करून यायचं, माप उभ्या छेदात दोन्ही थर धरून, मधलं पाणी वगळून. पोटावरून केलेली सोनोग्राफी यासाठी पुरत नाही. पत्रकापेक्षा शिबिरच घ्या, मशीन भाड्यानं आणता येतं.

पेशीवाचक
मशीन नेऊ नका. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यात प्रत्येक मशीनची नोंद ठरावीक जागेवर असते, भाड्यानं उचलून वस्तीत न्यायची वस्तू नाही ती. शिवाय काही त्रास नसलेल्या बायकांची सरसकट अस्तर-मोजणी कुणीही सुचवत नाही. टॅमॉक्सिफेनवाल्यांची तर नकोच. त्या औषधानं अस्तराखालचा भागच सुजल्यासारखा दिसतो, माप फुगतं आणि विनाकारण क्युरेटिंग होतं. त्यांना रक्त दिसलं तर थेट बायोप्सी.
आणि 4 मिमीवर सगळा भार टाकू नका. हा आकडा मुख्यतः गोऱ्या बायकांवरून बसवलेला आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय बायकांत या कॅन्सरनं होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आहे. 2024 मध्ये तिथल्या एका अभ्यासात, कॅन्सर निघालेल्या कृष्णवर्णीय बायकांपैकी 11 टक्क्यांचं अस्तर 5 मिमीच्या आत होतं. यामागे दोन कारणं सांगतात. फायब्रॉइडमुळे (पिशवीतल्या साध्या गाठींमुळे) अस्तराची रेघ नीट दिसत नाही. आणि सीरससारखे जहाल प्रकार पातळ, सुकलेल्या अस्तरातही वाढतात. त्यांना वाढीव इस्ट्रोजेन लागतच नाही. फायब्रॉइड आपल्याकडे काय कमी आहेत? रिपोर्टमध्ये ‘अस्तर नीट दिसले नाही’ असं असेल तर तो नॉर्मल रिपोर्ट नव्हे. पुन्हा रक्त गेलं तर माप काहीही असो, तुकडा तपासा.

सोनो_डेक्कन
पुन्हा रक्त गेलं तर, हे मीही मानतो. पण पहिल्याच खेपेला प्रत्येकीची बायोप्सी सांगाल तर निम्म्या बायका येणारच नाहीत.

कोथरूडकर_मावशी
पॅप टेस्ट दरवर्षी करा एवढं लिहिलं की झालं. आणि मुलींना ती लस द्या. फ्लेक्सची कल्पना छान आहे.

पेशीवाचक
मावशी, पॅप आणि एचपीव्हीची लस दोन्ही पिशवीच्या तोंडासाठी. अस्तराच्या कॅन्सरशी एचपीव्ही या विषाणूचा संबंध नाही, आणि पॅप नॉर्मल आली म्हणजे अस्तर बरं आहे असं होत नाही. ‘पॅप चांगली आली होती’ म्हणून महिनोन्‌महिने थांबलेल्या बायका असतात, म्हणून हे पत्रकात ठळक टाका.
बायोप्सीबद्दल: साधारण 3 मिमीची लवचिक नळी, ओपीडीत पाच-दहा मिनिटांचं काम, भूल लागत नाही, पण पोटात जोरात कळ येते. चालत असेल तर तासभर आधी आयब्युप्रोफेन. तुकडा 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट तरी द्रव हवा. सलाइनमध्ये पाठवला तर पेशी कुजतात. ‘नमुना अपुरा’ म्हणजे नॉर्मल नाही. आणि नळी एका कोपऱ्यातला पॉलिप चुकवू शकते, म्हणून रक्त चालूच राहिलं तर हिस्टरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं पिशवी आतून बघणं. कॅन्सर निघालाच तर ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि काचा मागून घ्या, एमएमआरच्या (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या) चार प्रथिनांची आणि पी53 या प्रथिनाची तपासणी त्यावरच होते. एमएमआरमध्ये दोष आढळला तर घरात लिंच सिंड्रोम (घराण्यात चालत येणारा, कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकदोष) आहे का ते पुढे बघता येतं. तो असेल तर काही जनुकांत अस्तराच्या कॅन्सरचा आजन्म धोका 40 टक्क्यांच्या वर जातो.

बीड_ते_पुणे
आकडेमोड, वस्तीत प्रमाण कमी म्हणालात त्याला माझा ठाम आक्षेप आहे. दर काढताना भागाकार सगळ्या बायकांनी करता, पिशवी काढलेल्यांसकट. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं. सरकारी समितीच्या पाहणीत 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. जिला अस्तरच उरलं नाही तिला हा कॅन्सर कसा होणार? पिशवी असलेल्यांचाच हिशेब केला तर दर वर जातो. आणि जनता वसाहतीत गावाकडून आलेल्या बायकाच आहेत. त्यांना आधी डिस्चार्ज कार्ड शोधायला सांगा: पूर्ण पिशवी काढली की तोंड ठेवलं, अंडाशय काढले का. ‘पिशवी काढलीय’ हे तोंडी उत्तर चालत नाही.

आकडेमोड
हे मान्य. हिशेब पिशवी असलेल्यांवरच व्हायला हवा. तरी पत्रकं तीनच करा.

सोनो_डेक्कन
एक राहिलं. संघात अविवाहित ज्येष्ठ बायका असतील. मूल न झालेल्यांना धोका जास्त, आणि नेमकं त्यांनाच ‘लग्न झालेलं नाही’ म्हणून आतून तपासणी टाळून पोटावरच्या सोनोग्राफीवर बोळवण होते. गुदमार्गातून सोनोग्राफी करता येते, बायोप्सी भूल देऊन करता येते. ते मागायला सांगा.

छापील_शनिवारपेठ
फ्लेक्सचं ठरलं का?

आरोग्यसखी_पर्वती
सगळ्यांचे आभार. फ्लेक्स नाही, शिबिर नाही, तीन पत्रकंही नाहीत. एकच, तिन्हीकडे तेच. घरकामगार बाईची मालकीण सहकारनगरात आणि मालकिणीची सून हिंजवडीत. कागद एका घरातून दुसऱ्या घरात जाणारच. बीएमआय, मिमी, टक्के सगळे गाळले. त्यासाठी मी समोर असेन.
पुढची बाजू: “पाळी जाऊन वर्ष झालं आणि एकदाही, एक थेंबही लाल किंवा तपकिरी गेलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. पाळी चालू आहे पण 90 दिवस येत नाही, किंवा चाळिशीनंतर मधेच नाहीतर फार जाते, तरी डॉक्टर. पॅप नॉर्मल असली तरी.” खाली ससूनची स्त्रीरोग ओपीडी आणि महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड व आधार न्यायची आठवण.
मागची बाजू कोरा तक्ता, बाईनं भरून डॉक्टरसमोर ठेवायचा: शेवटची पाळी कधी, रक्त गेल्याच्या तारखा, चालू गोळ्या (टॅमॉक्सिफेन वेगळं विचारलंय), पिशवी काढली असेल तर कागद आहे का, आणि आई, बहीण, भाऊ, मामा, मावशी यांच्यात आतड्याचा किंवा पिशवीचा कॅन्सर कुणाला, कितव्या वर्षी.

पेशीवाचक
तक्त्यात ‘आधीची बायोप्सी झाली का, ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये’ ही ओळ घाला. आणि बायांनी पेननं भरायचं असेल तर आर्ट पेपर अजिबात नको, शाई पसरते. साधा 80 जीएसएम मॅपलिथो घ्या.