४,२९,४९,६७,२९७ : पाच भागाकारांचे काम

दोनच्या ३२व्या घातात एक मिळवून येणारी ही संख्या मूळ (म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही भाग न जाणारी) असावी, असे एका चर्चेत म्हटले गेले. फ्रेंच गणिती फर्मालाही १६४०च्या सुमारास तसेच वाटत होते. परंतु १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने तिचे ६४१ × ६७,००,४१७ असे अवयव दाखवून दिले. (आम्ही इंदूरकर शाळेत हिंदीतून शिकलो, त्यामुळे ‘मूळ’ म्हणताना तोंडी आधी ‘अभाज्य’च येते.)

ऑयलरचे खरे कौशल्य भागाकारात नसून त्याआधीच्या चाळणीत आहे. या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत एक मिळवूनच बनतो, हे एकदा कळले की १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढेच तपासावे लागते. रामबागेतल्या घरी नातवाने हे पाचही भागाकार दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर केले. पाचव्याला बाकी शून्य आली, तेव्हा आपलेच काहीतरी चुकले असे वाटून त्याने तो पुन्हा मांडला.

मला याहून सुंदर वाटते ती गोष्ट वर्गांच्या बेरजेची. ही संख्या ६५,५३६ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज तर आहेच, शिवाय ६२,२६४ आणि २०,४४९ यांच्या वर्गांचीही आहे. मूळ संख्येला अशी दोन रूपे असूच शकत नाहीत, म्हणजे अवयव न शोधताही निकाल लागतो.

वर्गीकरणापुरते सांगायचे तर ती न्यून संख्या आहे, म्हणजे ती स्वतः सोडून तिच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याहून लहान आहे. अंकांची बेरीज ५९ असून तिने भाग जात नसल्यामुळे देवळालीचे गणिती कापरेकर यांच्या हर्षद संख्यांत (ज्यांना स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो) मात्र ती बसत नाही.