लाँग वीकएंडला लेकीचा डायपर सोडवायचा आहे

प्रेषक: छकुलीची आई, मिसिसॉगा
मंगळवार, १३ मे, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

आपल्या ई-मेल यादीवर इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच विचारतेय. लेक २ वर्षं ५ महिन्यांची आहे. तीस महिने पूर्ण झाले की तिला टॉडलर रूममधून प्रीस्कूल रूममध्ये हलवणार, आणि आमच्या डे-केअरचं म्हणणं आहे की तोवर डायपर सुटला तर बरं. टॉडलरमध्ये पाच मुलांमागे एक शिक्षिका, प्रीस्कूलमध्ये आठांमागे एक, त्यामुळे त्यांची अडचण कळते. पण माझ्या पोटात गोळा आलाय.

इथे कॅनडात व्हिक्टोरिया डेची जोडून सुट्टी आहे, शुक्रवारी मी रजा टाकलीय. मार्चमध्ये एकदा करून पाहिलं होतं. दर वीस मिनिटांनी बसवत होते. बसायची शहाण्यासारखी, काही व्हायचं नाही, आणि उठली की सोफ्यामागे जाऊन करायची. चौथ्या दिवशी मी तिच्यावर ओरडले. ती इतकी घाबरली की दोन दिवस तिने शीच केली नाही. मग मी परत डायपर लावला. त्या ओरडण्याचं मला अजून वाईट वाटतं.

सासूबाई फोनवर म्हणतात, "आमची पोरं वर्षाच्या आत सांगायला लागली होती." खरंच इतक्या पटकन होतं का? कोणी घरी केलंय?


प्रेषक: जुळ्यांची आई, ब्रॅम्प्टन
बुधवार, १४ मे, सकाळी ६.१५

अगं, ओरडलीस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. मीही ओरडले आहे, आणि माझी दोघं आता पाच वर्षांची होऊन शाळेत जातात.

तीन-चार दिवसांत होतं. मात्र ते दिवस पूर्ण तिचे. गालिचे गुंडाळून ठेव, स्वयंपाक आदल्या दिवशी करून ठेव, फोन बाजूला. सकाळी उठल्या उठल्या तिच्यासमोर डायपर काढ आणि खाली काहीच घालू नकोस. ताक, पन्हं, कलिंगड, जे आवडेल ते भरपूर दे, म्हणजे सरावाला शूही भरपूर होईल. आणि मग फक्त तिच्याकडे बघत बसायचं. माझा धाकटा ट्रक चालवता चालवता मध्येच थांबायचा, पायाची बोटं आवळायचा आणि जमिनीकडे टक लावून बघायचा. हे एकदा लक्षात आल्यावर मला घड्याळ लागलं नाही. सुरू झालीच तर तशीच उचलून पॉटीवर न्यायची. दोन थेंब पॉटीत पडले तरी कौतुक करायचं.

मार्चमध्ये तुझं कुठे चुकलं सांगू? दर वीस मिनिटांनी बसवलं की लक्ष ठेवायचं काम आपण करतो. पोटात भरल्यासारखं होतं म्हणजे काय, हे तिला कळायला वावच राहत नाही. आणि "शू आली का?" असं विचारूच नकोस, उत्तर कायम "नाही" असतं. "आली की मला सांग हं" एवढंच म्हण.

पहिला दिवस फार वाईट जातो. आमच्याकडे दुपारपर्यंत अकरा वेळा फरशी पुसली. तिसऱ्या दिवशी सैल चड्डी घालून समोरच्या पार्कात वीस मिनिटं गेलो. पण खरं सांगते, एकाचं तीन दिवसांत झालं, दुसऱ्याला तीन आठवडे लागले. घर तेच, आई तीच, पद्धतही तीच.


प्रेषक: आजी, मार्खम (लांब मुक्कामाच्या सुपर व्हिसावर, मूळ सातारा)
बुधवार, १४ मे, दुपारी २.०५

चि. छकुलीच्या आईस अनेक आशीर्वाद. नातू टाइप करतो आहे.

तुझ्या सासूबाई खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच सांगतात. आम्ही मूल मान धरायला लागलं की दोन पायांवर बसवायचो आणि तोंडाने "श्शूऽऽ" करायचो. लंगोट आणि दुपटी घालायचो, ओलं झालं की मूल रडायचं, त्यालाही कळायचं आणि आपल्यालाही. मूल सांगायचं नाही गं, आम्हाला कळायचं! घरात चार बायका, खाली शहाबादी फरशी, मागे मोरी. वर्षाचं मूल कोरडं राहायचं ते आमच्या राखणीवर. तू नोकरी करतेस, घरात एकटी आहेस. ती तुलना मनातून काढून टाक.

दोन गोष्टी मात्र आजही लागू. झोपेतून उठल्यावर आणि जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी बसवून बघ, पोट तेव्हाच हलतं. आणि पाय टेकले पाहिजेत. इथल्या कमोडवर लेकरं पाय लोंबकळत बसतात, त्यांना जोर कसा लावता येणार? पायाखाली पाट दे.

आणखी एक, तिच्या तोंडचा शब्द ऐक. आधी मूल म्हणतं "शू झाली". मग म्हणतं "शू होतेय". मग एक दिवस म्हणतं "शू आली". तुझी लेक कोणत्या शब्दावर आहे ते बघ. "झाली"वरही आली नसेल तर थांब.


प्रेषक: नर्स काकू, ओकव्हिल
बुधवार, १४ मे, रात्री ९.३०

बाळा, आजींनी सांगितलं त्यात सगळं आलं. बालरुग्ण विभागात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून थोडी भर घालते.

"एका दिवसात डायपर सुटतो" असंही कुणी कुणी सांगतं, ते आश्वासन आलं कुठून, ते सांगते. १९७३ साली अमेरिकेत फॉक्स आणि अझ्रिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी ३४ मुलांना सरासरी सुमारे चार तासांत शिकवलं होतं. पण ती मुलं वीस महिन्यांच्या पुढची होती, भरपूर पेयं दिली होती आणि शिकवणारा माणूस तेवढा वेळ दुसरं काहीही करत नव्हता. त्याआधी १९६२ मध्ये तिथलेच बालरोगतज्ज्ञ डॉ. ब्रेझल्टन यांनी ११७० मुलांची माहिती मांडली. मुलाच्या कलाने घेतलं तेव्हा दिवसाचा डायपर सुटायला सरासरी साडेअठ्ठावीस महिने झाले होते. तुझी लेक एकोणतीस महिन्यांची आहे. म्हणजे ती मागे पडलेली नाही, अगदी वेळेवर आहे.

मला काळजी वाटली ती त्या दोन दिवसांच्या शीची. एकदा शी करताना दुखलं की मूल ती धरून ठेवतं. धरली की खडा होतो, मग आणखी दुखतं, मग आणखी धरतं. यातून महिनोन्‌महिने वाया गेलेली घरं मी पाहिली आहेत. शी घट्ट होत असेल तर या वीकएंडला सुरूच करू नकोस. आधी दोन-तीन आठवडे पाणी, फळं, भाज्या वाढव आणि दूध किती जातंय ते मोज. या वयात दिवसाला ७५० मिलीपेक्षा जास्त नको. रक्त दिसलं, पोट फुगलेलं वाटलं किंवा शू करताना रडली तर आधी डॉक्टरांकडे जा.

शू पॉटीत आणि शीला डायपर, असं ती म्हणाली तर दे. तो हट्ट नसतो, भीती असते. मुलीला पुसताना हात पुढून मागे. आणि रात्रीचा डायपर आत्ता मोजूच नकोस. रात्री कोरडं राहणं शिकवून येत नाही, शरीर तयार झालं की आपोआप येतं. पाच-सहा वर्षांपर्यंत अंथरूण ओलं झालं तरी घाबरायचं कारण नाही.


प्रेषक: एक बाबा, स्कारबरो
गुरुवार, १५ मे, दुपारी १२.२०

ताई, एक गोष्ट आपल्या मराठी घरांपुरतीच आहे, म्हणून लिहितो.

घरी मुलगा बरोबर सांगायला लागला होता. डे-केअरमध्ये मात्र रोज ओल्या कपड्यांची पिशवी परत यायची. एकदा लवकर आणायला गेलो तेव्हा दारातून पाहिलं. तो शिक्षिकेला म्हणत होता, "शू, शू." ती बिचारी खाली वाकून त्याच्या बुटाचा पट्टा घट्ट करत होती. तेवढ्यात त्याची झाली. त्याच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य मी विसरू शकत नाही. सांगूनही ऐकलं नाही, असं त्याला वाटलं असणार. "शी"चंही तेच. तिला वाटायचं, तो कुठल्या मुलीबद्दल बोलतोय.

आम्हाला काहींनी सुचवलं की घरीही इंग्रजी शब्दच वापरा. मला ते पटलं नाही. ज्या शब्दात त्याला आतलं कळलं तो का बदलायचा? आम्ही एका कार्डावर दोन्ही शब्द आणि त्यांचे अर्थ इंग्रजी अक्षरांत लिहिले आणि बॅगेला लावले. आठवड्यात शिक्षिकाच त्याला "शू?" विचारायला लागल्या.

शिवाय आपल्याकडे धुतात, तिथे कागद असतो. मुलगा झाल्यावर वाकून उभा राहून "धू" म्हणून हाका मारायचा. कागद कसा वापरायचा हे आधी घरी दाखवून ठेवा. आणि मॉलमधला आपोआप होणारा फ्लश! त्या आवाजाने मुलं दचकतात आणि पुन्हा बसायला तयार होत नाहीत. सेन्सरवर एक चिकटचिठ्ठी लावायची, उठल्यावर काढायची.


प्रेषक: छकुलीची आई, मिसिसॉगा
सोमवार, १६ जून, रात्री ११.०५

मंडळी,

तुम्हा सगळ्यांची पत्रं नवऱ्यालाही वाचून दाखवली. काकू, शी घट्टच होती. दूध मोजलं तर लिटरच्या वर जात होतं. म्हणून व्हिक्टोरिया डे तसाच जाऊ दिला, डॉक्टरांशी बोलले, दूध कमी केलं, रोज पेर आणि पपई दिली. ६ जूनच्या शुक्रवारी सुरू केलं.

पहिल्या दिवशी नऊ वेळा फरशी. प्रत्येक वेळी म्हणायची, "शू झाली." मी आजींचा शब्द धरून बसले होते, म्हणून या वेळी चिडले नाही. शनिवारी दुपारी ठोकळे रचता रचता थांबली, पायांकडे बघून हळूच म्हणाली, "होतेय." पळत नेलं, निम्मी पॉटीत. रविवारी सकाळी मी पोळ्या लाटत होते. मागून फ्रॉक मुठीत धरून आली आणि म्हणाली, "आई, शू आली." मी गॅस बंद केला, पिठाच्या हातानेच तिला घेऊन गेले. पॉटीत पडलेला आवाज ऐकून ती स्वतःच टाळ्या वाजवत होती. मला रडू आलं.

आठवडाभर डे-केअरमध्ये जातेय, बॅगेला कार्ड आहे. बुधवारी आणि शुक्रवारी एकेकदा कपडे ओले झाले, बाकी कोरडी. शीला अजून डायपर मागते. कालपासून डायपर लावूनच, पायाखाली पाट घेऊन पॉटीवर बसते, तेवढं स्वतःहून करते. काकू, यापुढे काय करू? असंच चालू ठेवू का? तुमच्या सोयीने फोन केला तर चालेल का?