मदत हवी आहे: यशिकामॅट १२४जी, फोकस एकीकडं आणि शार्प भलतीकडं

आज्जीचा फोटो काढला आणि चेहऱ्याऐवजी अडकित्ता शार्प आला. प्रॉब्लेम एवढाच आहे, पण जरा सविस्तर सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणणार हात हलला असेल.

कॅमेरा मामाचा, जुना फिल्मवाला, दोन लेन्सचा: वरच्या लेन्समधून बघून फोकस करायचं, खालची फिल्मवर फोटो काढते. मामाचा शाहूपुरीत स्टुडिओ होता, लग्नाच्या ऑर्डरी याच यशिकावर केल्यात त्यानं. डिजिटल आल्यावर कॅमेरा माळ्यावर गेला तो गेलाच. २०१९ च्या महापुरात खाली दुकानात पाणी शिरलं, माळ्यावर पाणी आलं नाही पण ओल आली, आणि गेल्या वर्षी मी बॅग उघडली तर दोन्ही लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यागत बुरशी. शटर मात्र खणखणीत होतं. एक सेकंदाचा स्पीड जरा रेंगाळायचा, बाकी सगळं ओके.

आता कोल्हापुरात असले कॅमेरे उघडणारं कोण राहिलंय? बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला ते हे गाव, खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, आणि आपण लेन्स पुसायला माणूस शोधत फिरायचं. शेवटी एका घड्याळजीकडं दिला. म्हातारा माणूस, हात एकदम स्थिर, त्यानं दोन्ही लेन्स उघडून बुरशी काढली आणि काच अशी लख्ख केली की मी तिथंच नाद खुळा म्हणालो. पैसे पण फार घेतले नाहीत.

पहिला रोल टाकला एचपी५, ब्लॅक अँड व्हाइट फिल्म. रंकाळ्यावर, पन्हाळ्याला तीन दरवाज्यापाशी, सगळं भर उन्हात एफ/११ वर (लेन्सचं तोंड बारीक, म्हणजे फोकस थोडा चुकला तरी झाकला जातो). घरीच धुतो मी, डी-७६ डेव्हलपर पाण्यात एकास एक, २० डिग्रीला ११ मिनिटं (एप्रिलात टाकीचं पाणी चहा करण्याइतकं गरम, त्यामुळं बादलीत बर्फाच्या पिशव्या टाकून बसावं लागतं, घरचे हसतात). निगेटिव्ह एकदम भारी आल्या, म्हटलं चला सुटलो.

दुसऱ्या रोलला आज्जी. ओसरीवर बसली होती, पुढ्यात पानाचा डबा आणि अडकित्ता. उजेड कमी म्हणून लेन्सचं तोंड एफ/३.५ ला पूर्ण उघडलं, भिंग वर करून ग्राउंड ग्लासवर (वरच्या लेन्सचं चित्र दिसतं ती दुधी काच) तिच्या डोळ्यावर फोकस केलं, मी एकदा नाही तीनदा बघितलं. स्कॅन केल्यावर बघतोय तर चेहरा मऊ लोण्यासारखा आणि अडकित्त्याचा खिळासुद्धा मोजता येतोय. १२ फोटोंतले ७ असेच.

मग टेस्ट केली. घरातल्या दहा चपला जमिनीवर तिरक्या रांगेत लावल्या, कॅमेऱ्यापासून प्रत्येक चप्पल आधीच्यापेक्षा १० सेमी लांब असं टेपनं मोजून. पाचवी चप्पल बरोबर २ मीटरवर. पाचवीवर फोकस, एफ/३.५, ट्रायपॉड, केबल रिलीज. निगेटिव्हवर तिसरी शार्प. परत केलं, परत तिसरी. म्हणजे २० सेमी अलीकडं पडतंय, दर वेळी तेवढंच.

तर प्रश्न असे: गडबड खालच्या लेन्समध्ये आहे की वरच्या, हे रोल न जाळता कसं ओळखायचं? आणि घरी नीट होण्यासारखं आहे का, की पुण्या-मुंबईला पाठवावा? घड्याळजीकडं परत न्यायला जरा भीती वाटते, त्यानं मुद्दाम काही केलेलं नाही पण तरी. दुसरं म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजायच्या मीटरसाठी १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता मिळत नाही, त्याला पर्याय काय वापरता?

लाल_दिवा:
भावा, चपलांची टेस्ट एक नंबर. आता रोल काढ, मागचं झाकण उघड, फिल्म जिथं बसते त्या आतल्या दोन पट्ट्यांवर दुधी चिकटपट्टी ताणून लाव, सुरकुती नको. शटर बी वर (दाबून धरलं तोवर उघडं राहतं), केबल रिलीजनं उघडं ठेव, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघड. फोकसचा नॉब इन्फिनिटीवर, म्हणजे लांबात लांब नेऊन एखाद्या लांबच्या टॉवरकडं कॅमेरा कर आणि चिकटपट्टीवर भिंगानं बघ. तिथं टॉवर शार्प असेल तर खालची लेन्स बरोबर आहे, वरचीच चुकलीय. टॉवर तिथं मऊ दिसला तर मात्र दुखणं खाली आहे, मग स्वतः हात लावू नकोस.

माझा अंदाज वरचीच. तिची जागा फॅक्टरीत खालच्या लेन्सशी जुळवून ठरवलेली असते, ती गच्च आवळायची वस्तूच नाही. घड्याळवाल्याला सवय असते सगळं आवळून बसवायची.

सेलचं म्हणशील तर कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर घे, मेडिकलमध्ये मिळतो. १.४ व्होल्ट असतो, मीटरला चालतो. आकारानं लहान आहे, भोवती रबरी रिंग घालावी लागते. एकदा स्टिकर काढला की वापर किंवा नको वापरू, काही आठवड्यांत संपतो. साधा १.५ वाला घातलास तर रीडिंग चुकेल.

अडगळ:
चूक वरच्या लेन्सचीच निघाली तर तिच्यापर्यंत पोचायला लगेच कॅमेऱ्याच्या समोरचं चामडं सोलत बसू नका, ते परत धड चिकटत नाही, मी स्वतःच्या कॅमेऱ्याचं वाटोळं केलंय. लेन्स आत गेली असेल तर ग्राउंड ग्लास तेवढीच वर उचलायची. वरच्या हुडचे (ज्यात डोकावून बघतो ते झाकण) चार स्क्रू काढले की काच हाताला लागते. कोपऱ्यांखाली कागदाच्या बारीक पट्ट्या ठेवायच्या. ८० जीएसएमचा झेरॉक्स कागद साधारण ०.१ मिमी भरतो. २ मीटरला २० सेमीचा फरक म्हणजे ८० मिमीच्या लेन्सला जवळजवळ ०.४ मिमी, म्हणून चार कागद. नाही जमलं तर काढून टाकता येतात, काहीच बिघडत नाही.

लाल_दिवा:
कागद हा जुगाड झाला, पावसाळ्यात फुगला की परत तेच. खरं दुरुस्त करायचं तर लेन्सच बाहेर घ्यायला पाहिजे.

अडगळ:
फुगू दे की, परत कापायचे चार. चामडं कुठून आणणार?

मूळ धागाकर्ता:
दोघांचे आभार. काल गच्चीवर जाऊन केलं. मागं चिकटपट्टीवर मोबाईलचा टॉवर इन्फिनिटीला एकदम कडक, वरच्या शिड्या पण दिसत होत्या. नॉब तसाच ठेवून ग्राउंड ग्लासवर बघितलं तर टॉवर धुरकट, आणि तो शार्प व्हायला नॉब पंधरा मीटरच्या आसपास आणावा लागतोय. म्हणजे वरचीच लेन्स, आत आवळलेली. (भिंग कुठलं वापरलं विचारू नका, त्याच घड्याळजीकडून विकत आणलं. त्यानं विचारलं कॅमेरा कसा चाललाय, मी म्हटलं झकास.)

चामड्याला हात लावायची हिंमत नाही, म्हणून कागदच घातले. आधी चार घातले, टॉवरचा फोकस थोडासा पलीकडं गेला असं वाटलं म्हणून एक काढला. तीनवर वर आणि मागं दोन्हीकडं टॉवर एकदमच शार्प होतोय. पावसाळ्यात कागद फुगेल हे लाल_दिवा म्हणतो ते पटतंय, त्यामुळं कागदाऐवजी एक्स-रे फिल्मची पट्टी कापून घालावी असा विचार आहे, ती ओलीनं फुगणार नाही. जाडी मोजायला तेवढं मायक्रोमीटर मिळवायचंय, उद्यमनगरात काम करणारा मित्र आहे, त्याला सांगितलंय.

रोल भरलाय. परत दहा चपला आणि उरलेल्यात आज्जी, या वेळी अडकित्ता बाजूला ठेवणार नाही, तिथंच राहू दे. रविवारी धुतो, निगेटिव्ह वाळल्या की कुठली चप्पल शार्प आली ते इथंच टाकतो.