मदत हवी आहे: पदवीचे शिक्षण चालू असतानाच नौदलाच्या अधिकारी प्रशिक्षणासाठी अर्ज करता येईल का?

निळा_नकाशा

नमस्कार. मी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकतो आणि मला भारतीय नौदलात अधिकारी व्हायचे आहे. शिकत असतानाच निवड होते आणि मग केरळातील एझिमाला येथील नौदल अकादमीत पाठवतात, असे अनेकांकडून ऐकले आहे. अर्ज कोठे करायचा, परीक्षा कोणती आणि या वर्षीच अर्ज करता येईल का, एवढेच कृपया सांगावे. नौदलाच्या संकेतस्थळावर इतके निरनिराळे प्रवेश दिलेले आहेत की त्यांतला माझा कोणता हेच उमगत नाही. घरच्यांना लवकर उत्तर द्यायचे असल्याने 'आधी नीट विचार कर' असे सल्ले कृपया नकोत.

डोलकाठी

आपण कोणत्या शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहात? वय किती? बारावीला भौतिकशास्त्र व गणित होते का? चष्मा आहे का? यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही आणि अर्ज कोठे करायचा हे सर्वस्वी त्यांवरच अवलंबून आहे.

परेड_मैदान

उत्तर सोपे आहे. उद्याच एनसीसीत नाव नोंदवा, तेही नौदल शाखेत. सीडीएस या पदवीधरांसाठीच्या यूपीएससीच्या परीक्षेत नौदल अकादमीच्या काही जागा नौदल शाखेच्या 'सी' प्रमाणपत्रधारकांसाठी राखीव असतात. मी स्वतः तीन वर्षे एनसीसीत होतो. गणवेशाची सवय आणि शिबिरांतून येणारा आत्मविश्वास मुलाखतीत फार उपयोगी पडतो.

डोलकाठी

परेड_मैदान, 'सी' प्रमाणपत्राला तीन वर्षे लागतात. दुसऱ्या वर्षात नाव घातले, तर पदवी मिळेपर्यंत फार तर 'बी' हाती येईल. शिवाय त्या राखीव जागांसाठीही अभियांत्रिकीचीच पदवी लागते, हे आपण सांगितलेच नाही.

निळा_नकाशा

बी.एस्सी. करतो आहे, भौतिकशास्त्र घेऊन. वय एकोणीस पूर्ण. बारावीला गणित होते. मुलगा नौदलाबद्दल विचारतो आहे म्हटल्यावर तो इंजिनिअरिंगलाच असणार, असे सगळ्यांनी का गृहीत धरावे?

गलबत७

बी.एस्सी. असाल तर मर्चंट नेव्हीचा विचार करावा. माझा भाचा तिकडेच आहे. पगार उत्तम आणि वर्षातील काही महिने घरी राहता येते. त्यासाठी आयएमयू सीईटी ही परीक्षा असते.

डोलकाठी

गलबत७, तो व्यापारी जहाजांवरचा व्यवसाय आहे. त्याचा संरक्षण दलांशी संबंध नाही आणि प्रश्न नौदलातील कमिशनचा, म्हणजे अधिकारीपदाचा आहे.

निळा_नकाशा, बी.एस्सी. ही माहिती पहिल्याच ओळीत हवी होती, कारण तिने बरेच दरवाजे आपोआप बंद होतात. सीडीएसमधील नौदल अकादमीसाठी अभियांत्रिकीची पदवी आवश्यक असते. बारावीनंतरचा बी.टेक. कॅडेट प्रवेश जेईई मेनच्या क्रमांकावर होतो आणि त्याला साडेएकोणीस वर्षांची वयोमर्यादा आहे. एनडीएलाही (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) तीच मर्यादा आहे, आणि हे वय अर्जाच्या दिवशीचे नव्हे, अभ्यासक्रम सुरू होण्याच्या सुमाराचे मोजतात. एप्रिलच्या परीक्षेतून निवडलेल्यांचा अभ्यासक्रम पुढील जानेवारीत, तर सप्टेंबरच्या परीक्षेतून निवडलेल्यांचा पुढील जुलैत सुरू होतो. आपले वय त्यात बसण्याची शक्यता फारच कमी दिसते.

निळा_नकाशा

मग माझ्यासाठी काहीच नाही, असे समजायचे का?

किनारा_दक्ष

तटरक्षक दलातील असिस्टंट कमांडंट हे अधिकारीपद का कोणालाच सुचत नाही? जनरल ड्यूटी शाखेसाठी कोणत्याही विषयाची पदवी चालते, मात्र बारावीपर्यंत भौतिकशास्त्र व गणित हवे. वय साधारण 21 ते 25. या अधिकाऱ्यांचे सुरुवातीचे प्रशिक्षण एझिमाला येथेच होते, म्हणजे आपल्याला हवी ती अकादमी मिळेल आणि पुढे जहाजही मिळेल.

डोलकाठी

पर्याय उत्तम आहे, पण तटरक्षक दल हे वेगळे दल आहे. नौदलच हवे असेल तर शिक्षण शाखा पाहावी. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेल्यांना तेथे अल्पसेवा कमिशनसाठी, म्हणजे ठरावीक वर्षांच्या अधिकारीपदासाठी अर्ज करता येतो. मात्र पदव्युत्तर पातळीवर निदान साठ टक्के आणि बी.एस्सी.ला गणित हा विषय असावा लागतो. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्यांनाही अर्ज करता येतो, म्हणजे पदवी हाती येईपर्यंत न थांबण्याचा आपला हट्ट एका अर्थाने पुरा होतो. अलीकडच्या जाहिरातींत या प्रवेशाला लेखी परीक्षा नसते. गुणांवरून छाननी करून थेट एसएसबीला, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्या व मुलाखतीला बोलावतात.

किनारा_दक्ष

म्हणजे चार वर्षे थांबून नौदलात जायचे, ते शिकवण्यासाठी? मुलाला समुद्र हवा आहे, फळा नव्हे.

डोलकाठी

मुलाने समुद्राचा उल्लेख कोठेही केलेला नाही. त्याला नौदलाचा अधिकारी व्हायचे आहे. शिक्षण शाखेतला अधिकारीही एझिमालालाच घडतो आणि सब लेफ्टनंट हुद्द्यावरूनच सुरुवात करतो.

परेड_मैदान

बी.एस्सी.नंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. बी.ई. केले की तांत्रिक आणि कार्यकारी या दोन्ही शाखा खुल्या होतात.

डोलकाठी

होतात खऱ्या, पण बी.ई. होईपर्यंत वय चोविशीला टेकेल आणि कमाल मर्यादा अगदी जवळ येईल. एक वर्ष वाया गेले की संपले. एम.एस्सी. त्याआधी पूर्ण होते, त्यामुळे अर्ज करण्याच्या एकापेक्षा जास्त संधी मिळू शकतात.

निळा_नकाशा

एम.एस्सी.चा मार्ग मला पटतो. दुसऱ्या वर्षाला माझ्याकडे गणित आहे, तिसऱ्या वर्षाला मात्र फक्त भौतिकशास्त्र ठेवणार होतो. तेवढे पुरेल का?

डोलकाठी

पात्रतेत बी.एस्सी.ला गणित असावे इतकेच लिहिलेले असते. ते किती वर्षे असावे हे त्या त्या जाहिरातीत बारकाईने वाचावे. मात्र महाविद्यालय परवानगी देत असेल तर तिसऱ्या वर्षीही गणित ठेवा, म्हणजे गुणपत्रिकेबद्दल कोणाला शंका राहणार नाही. एनसीसीचा सल्लाही अगदीच टाकाऊ नाही, कारण एम.एस्सी.पर्यंत 'सी' प्रमाणपत्र मिळवता आल्यास छाननीच्या गुणांत पाच टक्क्यांची सवलत मिळते.

किनारा_दक्ष

आणि सीडीएसची लेखी परीक्षा पुढे वायुसेनेसाठी किंवा सैन्यासाठी उत्तीर्ण झालात, तर एसएसबीच्या तयारीला पैसे खर्च करू नका. नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात राज्य शासन राहण्या-जेवणासह विनामूल्य तयारी करून घेते. प्रवेशाची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी.

डोलकाठी

निळा_नकाशा, चष्म्याबद्दल आपण अद्याप काहीच सांगितलेले नाही. नंबर आहे का, आणि रंग ओळखण्यात काही अडचण येते का? दोन वर्षे एम.एस्सी.ला देण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडून ते तपासून घ्या आणि येथे लिहा, म्हणजे पुढचे बोलता येईल.