कुलंटची बाटली भरलेली, तरी घाटात गाडी गरम होते (२००३ ची ट्रॅव्हलर)

वरूडचा बागवाला

नमस्कार मंडळी. वरूड तालुक्यातल्या खेड्यातून लिहितो. माझ्याकडे २००३ ची ट्रॅव्हलर आहे. शाळेच्या फेऱ्या मारून थकलेली गाडी चार वर्षांपूर्वी घेतली, मागच्या सीट काढल्या, प्लायवूडचा दिवाण ठोकला, ८० लिटरची पाण्याची टाकी, छोटा ओटा आणि कमोडची खुर्ची बसवली. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. बसमध्ये तिला चढता येत नाही, तासाभराच्या वर बसवत नाही. या गाडीत आडवी पडून ती शेगावला जाऊन आली, माहूरला जाऊन आली. त्यामुळे 'विकून टाक' हा सल्ला कृपया देऊ नका.

मागच्या रविवारी तिला घेऊन चिखलदऱ्याला निघालो. निघण्याआधी कुलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, बाटली पाहिली, मॅक्सच्या रेषेला टेकलेली होती. मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा, इथपर्यंत तापमानाचा काटा अर्ध्यावर. धामणगाव गढीच्या पुढे चढ लागला आणि काही वळणांतच काटा वर सरकू लागला. लाल पट्टीला लागला आणि एकदम खाली पडला. मला वाटलं, उतरलं तापमान. पण पायाजवळ इंजिनाच्या झाकणातून गोडसर, करपट वास येऊ लागला. गाडी बाजूला घेतली तर बाटलीच्या तोंडातून हिरवं पाणी उकळून रस्त्यावर पडत होतं. आई मागून विचारत होती, "काय झालं रे?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन तास सागाच्या सावलीत थांबलो आणि हळूहळू परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गोष्टी दिसल्या. बाटली अजूनही जवळपास भरलेली होती. आणि रेडिएटरचा वरचा जाड रबरी पाइप चपटा झाला होता, कोणी मुठीत धरून दाबल्यासारखा. गाडीखाली मात्र एक थेंब नाही.

इथला एक मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कुलंटला रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू. काढू का? दुसरं म्हणजे, मी आजवर रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकत आलो. आमच्याकडे बोअर इतके खोल गेलेत की ड्रिपच्या लॅटरलमध्ये क्षार बसून भोकं बंद होतात आणि आम्ही ॲसिड सोडून ती मोकळी करतो. तेच ॲसिड रेडिएटरमध्ये फिरवलं तर चालेल का?

वर्कशॉपवाले काका, पुसद

भाऊ, पहिलं काम, ते ॲसिड बाजूले ठेवा. जुन्या रेडिएटरच्या नळ्या पितळेच्या, त्यांचे जोड कथिल-शिशाच्या झाळणीचे. इंजिनात कुठं अल्युमिनियम असलं तं त्यालेही ॲसिड खाते. क्षार निघतीन, आणि मंग गळतीच गळती.

तुमचा रोग तुम्हीच लिहून ठेवला आहे. चपटा पाइप. एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली, हे लय वेळा पाह्यलं. रेडिएटरच्या टोपणात दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा स्प्रिंगचा, तो दाब धरून ठेवतो. दाब धरला म्हणूनच कुलंट १०० ले उकळत नाही. साधं पाणीही बाहेरच्या हवेपेक्षा १ बार जास्त दाबाखाली १२० अंशांच्या आसपास उकळते. दाब जास्त झाला की हा व्हॉल्व्ह उघडून थोडं कुलंट बाटलीत सोडते. मधातला बारका व्हॉल्व्ह उलट कामाचा. इंजिन थंड झालं की आत पोकळी होते, तवा तो उघडते अन् बाटलीतलं कुलंट वापस रेडिएटरमध्ये ओढून घेते.

तुमचा हा बारका व्हॉल्व्ह चिकटला. कुलंट बाटलीत जाते, वापस येत नाही. पोकळीनं पाइप चपटा होते. दरवेळी थोडं थोडं रेडिएटर रिकामं, बाटली मात्र भरलेली. तुम्ही बाटलीच पाहत होते. काटा एकदम खाली पडला तो तापमान उतरलं म्हणून नाही, सेन्सरपाशी कुलंटच उरलं नाही म्हणून. जुन्या गाडीत असा काटा पडला की तिथंच इंजिन बंद करायचं.

थर्मोस्टॅट काढू नका. काही इंजिनांत तो काढला की कुलंट रेडिएटरकडे न जाता बायपासनं आतल्या आतच फिरते, गाडी अजून तापते. संशय असला तं काढून गरम पाण्याच्या गंजात टाका. ८२ च्या आसपास उघडायला लागते, पाण्यात थर्मामीटर ठेवून पाहा. नाही उघडला तं नवीन टाका.

आता करा काय. रात्रभर गाडी थंड होऊ द्या, पहाटे टोपण उघडा. गरम असताना कधीच नाही. आमच्या एका पोराचा हात कोपरापर्यंत भाजला होता, ती कातडी मी पाह्यली आहे. उघडल्यावर कुलंट नरड्यापर्यंत दिसलं पाहिजे. मंग टोपण उलटं करून मधली चकती नखानं ओढा. हलून वापस बसली तं ठीक, नाही तं टोपण बदला. वर कोरलेला आकडा पाहा, ०.९ असो की १.१, तोच आणा. टोपणातून बाटलीकडं जाणारी बारकी नळीही फुंकून पाहा, कधी तीच चोंदते.

वणीची प्रवासी

दादा, काकांनी सांगितलं ते आधी करा. मी फक्त एक जोडते. आमची व्हॅनही घाटातच तापायची. टोपण बदललं, फरक थोडाच पडला. शेवटी एसीची जाळी सोडवून मागे पाहिलं तर तिच्या आणि रेडिएटरच्या मध्ये कापसाचा अख्खा नमदा बसला होता. जिनिंगसमोरून दर हंगामात जातो, तो उडालेला कापूस, त्यावर आमच्याकडची कोळशाची धूळ. बाहेरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते. पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेर असं मारा, आणि दाब कमी ठेवा, नाहीतर पाती वाकतात.

आणि घाटाआधी पाण्याची टाकी रिकामी करा. ८० लिटर म्हणजे ८० किलो. वर पोचून भरा.

गोपालक, आर्वी

जुनं कुलंट काढाल तेव्हा ते बांधावर ओतू नका, उघड्या घमेल्यातही ठेवू नका. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं, जनावरं आवडीनं पितात. माझ्या राखणीच्या कुत्र्यानं गॅरेजबाहेरच्या डबक्यातलं चाटलं. आधी दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देत होता, मग सुधारला असं वाटलं. तिसऱ्या दिवशी गेला. डॉक्टर म्हणाले, किडन्या बंद पडल्या. सात वर्षं माझ्या गोठ्याच्या दाराशी झोपला होता तो. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर 'विष' लिहा.

वरूडचा बागवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. गोपालकदादा, तुमचं वाचून कॅनवर लाल पेंटनं लिहिलं आणि वासरं त्या दिवशी दुसऱ्या गोठ्यात बांधली.

काका, तुमचं म्हणणं तंतोतंत निघालं. पहाटे टोपण उघडलं तर आत कुलंट दिसेचना. बॅटरी मारून पाहिलं, नळ्यांची टोकं उघडी पडली होती आणि त्यांवर पांढरी खपली, अगदी आमच्या लॅटरलमध्ये असते तशी. टोपणाची चकती नखानं हललीच नाही. रबर इतकं कडक की बोटानं तुकडा मोडला.

रेडिएटर काढून अमरावतीला नेला. तिथल्या कारागिरानं वरची टाकी झाळणीतून सोडवली आणि एकेका नळीत पोलादी पट्टी घालून क्षार पाडले. ते पाहत मी तीन तास बसून होतो. नळ्यांपैकी जवळपास तिसरा हिस्सा बंद होता. हे माझ्या हातानं टाकलेल्या बोअरच्या पाण्यानं झालं, याचं वाईट वाटलं.

मग बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणले आणि कुलंट निम्मं-निम्मं मिसळलं. जास्त घट्ट केलं तर बरं, असं मला आधी वाटायचं, पण कारागीर म्हणाला, उष्णता वाहून न्यायला पाणीच चांगलं, निम्म्याच्या वर जाऊ नका. पुढची चाकं बांधाच्या उतारावर चढवली, म्हणजे भरायचं तोंड सगळ्यात वर. टोपण उघडं ठेवून इंजिन मंद चालवलं. थर्मोस्टॅट उघडला तसा वरचा पाइप गरम झाला, बुडबुडे आले आणि पातळी झपकन खाली गेली. आणखी लिटरभर गेलं. वणीच्या ताई, जाळीच्या मागे आमच्याकडे कापूस कमी आणि गवताची कुसळं जास्त निघाली.

काल आईला घेऊन पुन्हा गेलो. टाकी रिकामी, पहाटे साडेपाचला घर सोडलं. काटा अर्ध्याच्या किंचित वर गेला आणि तिथेच राहिला. भीमकुंडापाशी तिला खुर्चीत बसवलं, दीड तास ती दरीकडे पाहत होती.

आज सकाळी टोपण उघडलं. कुलंट नरड्यापर्यंत आहे आणि वरचा पाइप गोल आहे.