डब्ल्यूटीओत शेतकरी संघटनेचं म्हणणं नेमकं कुठून शिरतं?

बांधावरचा (धागालेखक)

ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या साखर धोरणाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत (डब्ल्यूटीओ) केलेल्या तक्रारींचा निकाल १४ डिसेंबर २०२१ ला आला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत उसाला दिलेला आधार परवानगीच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे उत्पादनाच्या मूल्याच्या १० टक्क्यांपलीकडे गेला, असं पॅनेलने ठरवलं. त्या हिशोबाच्या मुळाशी एफआरपी, म्हणजे केंद्राने बांधून दिलेला उसाचा किमान दर आहे. भारताने अपील केलं, पण अपील मंडळच डिसेंबर २०१९ पासून ठप्प असल्याने प्रकरण तिथेच अडकलं.

निकाल बरोबर की चूक, हा वाद या धाग्यावर नको. मला खटकतं ते वेगळंच. कोल्हापूर-सांगलीत ज्या दरावरून दर हंगामाच्या तोंडावर आंदोलनं होतात, त्या दरावर जिनिव्हात तिघांचं पॅनेल मत देतं आणि ऊस लावणाऱ्याला तिथे तोंड उघडायला जागा नसते. तर:

नोंदणीकृत शेतकरी संघटनेला डब्ल्यूटीओपुढे अधिकृतपणे म्हणणं मांडता येतं का? चालू खटल्यात कागद दाखल करता येतो का? आणि दोन्ही जमत नसेल तर दुसरी कुठली जागा आहे, जिथे म्हटलेलं खरोखर पुढे जातं?

'पंतप्रधानांना पत्र लिहा' छापाची उत्तरं कृपया नकोत.

पोटकलम

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: बोलता येत नाही, आजूबाजूला वावरता येतं.

डब्ल्यूटीओ ज्यातून स्थापन झाली त्या मराकेश कराराच्या कलम ५(२) नुसार तिची सर्वसाधारण परिषद बिगर-सरकारी संस्थांशी सल्लामसलतीची योग्य ती व्यवस्था करू शकते. करेलच असं नाही, करू शकते. त्यावर जुलै १९९६ मध्ये सहा परिच्छेदांची मार्गदर्शक तत्त्वं आली, क्रमांक डब्ल्यूटी/एल/१६२. दीड-दोन पानांचा कागद आहे, मुळातून वाचा. शेवटच्या परिच्छेदात स्वच्छ म्हटलंय की संस्थांना कामकाजात किंवा बैठकांत थेट सामील करून घेणं शक्य नाही, असं बहुतेकांचं मत आहे आणि लोकांचं ऐकून घेण्याची मुख्य जागा म्हणजे ज्या त्या देशातली प्रक्रिया. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आणि सामाजिक परिषदेत संस्थांना कायमचा सल्लागार दर्जा मिळतो, तसा दर्जा इथे नाही.

मंत्रिपरिषदेला, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या बैठकीला, संस्थांना नोंदणी करून जाता येतं. व्यक्तीला नाही, संस्थेलाच, आणि संस्थेचं काम डब्ल्यूटीओच्या विषयांशी कसं जोडलेलं आहे हे अर्जात दाखवावं लागतं. नोंदणीची मुदत परिषदेच्या काही महिने आधीच संपते. बहुतेक जण इथेच चुकतात, बातम्या सुरू झाल्यावर अर्ज शोधतात. आत गेल्यावर उद्घाटन, जाहीर भाषणं आणि पत्रकार परिषदा ऐकायला मिळतात. वाटाघाटींच्या खोलीत प्रवेश नाही. बिल्ला मिळाला म्हणजे देशात प्रवेश मिळालाच असंही नाही: २०१७ मध्ये ब्यूनस आयर्सला डब्ल्यूटीओने मान्यता दिलेल्या सुमारे ६० जणांना यजमान अर्जेंटिनाने आयत्या वेळी नकार कळवला होता.

जिनिव्हातल्या वार्षिक पब्लिक फोरममध्ये आपलं सत्र घेण्यासाठी प्रस्ताव पाठवता येतो. प्रवासखर्च आपला. ओळखी होतात, नियम बदलत नाहीत.

आणखी एक. डब्ल्यूटीओच्या लेखी 'बिगर-सरकारी संस्था' म्हणजे फक्त चळवळी नव्हेत. उद्योगांचे महासंघ, चेंबर्स, निर्यातदार मंडळं सगळी त्याच यादीत येतात. त्यांची जिनिव्हा-ब्रसेल्समध्ये पगारी माणसं असतात.

सीमाशुल्क

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. खटल्यात तिऱ्हाइताने दिलेल्या निवेदनाला न्यायमित्र निवेदन म्हणतात. तंटा निवारण नियमावलीत हा शब्दच नाही. कलम १३ पॅनेलला कुणाकडूनही माहिती मागवायची मुभा देतं, एवढंच. कोळंबी-कासव प्रकरणात, ज्यात अमेरिकेविरुद्ध भारतही एक तक्रारदार होता, अपील मंडळाने ऑक्टोबर १९९८ मध्ये ठरवलं की न मागता आलेली निवेदनंही पॅनेलला स्वीकारता येतील. स्वीकारायलाच हवीत असं मात्र नाही.

ॲस्बेस्टॉस प्रकरणात नोव्हेंबर २००० मध्ये अपील मंडळाने रीतसर पद्धत आखून दिली: आधी ३ पानांचा अर्ज, परवानगी मिळाली तर २० पानांपर्यंत निवेदन. सदस्य देश खवळले, २२ नोव्हेंबरला सर्वसाधारण परिषदेची खास बैठक बोलावली गेली आणि शेवटी अपील मंडळाने एकही अर्ज मंजूर केला नाही. तेव्हापासून निवेदन येतं, नोंद होते आणि अहवालात बहुधा असं वाक्य असतं की याची दखल घेण्याची गरज भासली नाही. कुठल्या पक्षाने ते आपल्या कागदपत्रांना जोडून आपलंसं केलं, तर गोष्ट वेगळी. मग तो पक्षाचाच पुरावा होतो.

म्हणून खरा रस्ता सरकारी वकिलांच्या टेबलावरून जातो, आणि तोही वेळेत. साखरेच्या प्रकरणाच्या तारखा पाहा. नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाने कृषी समितीत भारताच्या उसाच्या आधाराचा स्वतः केलेला हिशोब सादर केला. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस ब्राझीलने आणि १ मार्चला ऑस्ट्रेलियाने सल्लामसलत, म्हणजे तक्रारीची पहिली पायरी, मागितली. पॅनेल स्थापन झालं ऑगस्ट २०१९ मध्ये. म्हणजे पहिल्या इशाऱ्यापासून नऊ महिने हातात होते. पॅनेल एकदा बसलं की लेखी म्हणण्याच्या मुदती आठवड्यांत मोजतात. तेव्हा आकडे गोळा करायला घेतले तर ते छापून होईपर्यंत कामकाज पुढे गेलेलं असतं.

द्यायचं काय? भावना नको, हिशोबाला लागणारे आकडे द्या. सूत्र असं: (घोषित दर − १९८६-८८ ची गोठवलेली संदर्भ किंमत) × पात्र उत्पादन. त्या गोठवलेल्या किमतीत पुढची महागाई धरलेली नाही, त्यामुळे फरक फुगतो. ती बदलायची तर करारच बदलावा लागेल. एफआरपी कारखाना देतो, सरकार नाही, हा भारताचा मुद्दा पॅनेलने फेटाळला: दर सरकारने बांधून दिला, पैसे कुणाच्या खिशातून गेले हे गौण. उरतं ते पात्र उत्पादन. गुऱ्हाळाला आणि बेण्याला गेलेला ऊस एफआरपीत येत नाही. जिल्हावार, हंगामवार किती ऊस गाळपाला गेला आणि किती बाहेर, याचा पुराव्यासह तक्ता कारखान्यांकडे आणि संघटनांकडेच असू शकतो. असा तक्ता वाणिज्य विभागाकडे गेला तर वकिलांना तो वापरता येतो. हजार सह्यांचं निवेदन कुठेच जोडता येत नाही.

एकरी

खटले वर्षानुवर्षं चालतात. रोजच्या रोज जिथे शिरकाव होतो ती जागा म्हणजे एसपीएस (अन्नसुरक्षा आणि वनस्पती-प्राणी आरोग्याचे नियम) आणि टीबीटी (लेबल, मानकं असे तांत्रिक नियम) नोटिफिकेशनं. एखादा देश कीडनाशक अंशांची मर्यादा, लेबल किंवा तपासणीचा नियम बदलणार असेल, तर मसुदा आधी डब्ल्यूटीओला कळवावा लागतो आणि हरकतींसाठी साधारण ६० दिवस ठेवले जातात. बाहेरून पत्र पाठवून काहीच हलत नाही असं वाटत असेल, तर इथे हलतं. निदान लेखी उत्तर तरी येतं.

द्राक्षाचं उदाहरण घेतो. ई-पिंग या मोफत संकेतस्थळावर खातं उघडा. तिथे उत्पादनाचा कोड ०८०६.१० टाका आणि बाजारपेठ म्हणून युरोपीय संघ, ब्रिटन, चीन, जे लागतील ते निवडा. नुसतं 'grapes' हा शब्द रोमन लिपीत टाकून थांबलात तर निम्मं निसटतं, कारण कीडनाशकाचा मसुदा बहुतेकदा रसायनाच्या नावाने येतो, पिकाच्या नाही. म्हणून बागेत वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक सक्रिय घटकाचं नावही शोधशब्द म्हणून घाला. मेल आला की पहिल्याच आठवड्यात मसुदा उतरवून आपल्या पिकापुढची जुनी आणि नवी मर्यादा पाहा. युरोपात ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो हा आकडा दिसला तर ती 'मोजता येईल त्या किमान पातळीची' मर्यादा समजा. व्यवहारात त्या औषधावर बंदीच.

मग हरकत. करारात लेखी मत देण्याचा हक्क 'इतर सदस्यांना' आहे, म्हणजे सरकारांना. संघटनेने थेट जिनिव्हाला पाठवलेला मेल कुठेही मोजला जात नाही. तो आपल्या देशाच्या एन्क्वायरी पॉइंटकडून, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या सरकारी कार्यालयाकडून गेला पाहिजे. अन्नसुरक्षेसाठी एफएसएसएआय, वनस्पती आरोग्यासाठी कृषी मंत्रालय, टीबीटीसाठी भारतीय मानक ब्यूरो. ६० दिवसांतले किमान २५-३० दिवस दिल्लीसाठी सोडा. प्रत अपेडाला (केंद्राचं शेतमाल निर्यात प्राधिकरण) द्या, कारण निर्यातीचे आकडे त्यांच्याकडे असतात.

हरकत दोन पानांत बसवा: नोटिफिकेशनचा क्रमांक, मसुद्यातलं पान आणि ओळ, आपली पीकसंरक्षणाची पद्धत, काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ, प्रत्यक्ष अंशांची आकडेवारी, आणि नेमकी मागणी. 'मर्यादा शिथिल करा' ही मागणी नव्हे. '०.०१ ऐवजी अमुक ठेवा, किंवा अंमलबजावणी पुढचा हंगाम संपेपर्यंत लांबवा' ही मागणी. दुसरी अधिक वेळा मान्य होते. मर्यादाच बदलून हवी असेल तर आयात सहनमर्यादेसाठी, म्हणजे आयात मालापुरत्या अंशमर्यादेसाठी, वेगळा अर्ज लागतो आणि त्याला मुख्य पिकासाठी साधारण आठ शेतचाचण्यांचा विदा लागतो. हे औषध कंपनीचं काम आहे. तिला त्या बाजारात रस नसेल तर अर्ज होतच नाही, आणि मग कितीही हरकती पाठवा.

२०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागेतलं सीसीसी हे वाढनियंत्रक, सापडून युरोपात कंटेनर अडकले तेव्हा आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. त्यामुळे इकडच्या मसुद्यांइतकीच पुण्याजवळच्या मांजरी इथल्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या तपासणी यादीवरही नजर असू द्या.

उलटतपासणी

वरचे तिन्ही प्रतिसाद कामाचे आहेत, पण एक गृहीतक सगळ्यांनी मान्य केलेलं दिसतंय: जिनिव्हाचं दार उघडलं की लोकशाही वाढते. ॲस्बेस्टॉसच्या वेळी सर्वांत जोरात विरोध विकसनशील देशांनी केला होता, भारत त्यांत होता, आणि तो निव्वळ आडमुठेपणा नव्हता. खटल्यात तिसरा पक्ष व्हायचं तर सदस्य देशालाही मुदतीत कळवावं लागतं. तसं न कळवलेल्या देशाला जे बोलता येत नाही ते वॉशिंग्टनच्या संस्थेला बोलता यावं, हे कसं? वकिलांची फौज तिकडच्यांकडे आहे. दार उघडलं तर आधी कोण आत शिरेल, हे पोटकलम यांच्या शेवटच्या ओळीत आहेच.

वैधतेचं मोठं भोक सदस्यांच्या आपसातल्या व्यवहारात आहे. १६६ सदस्य, निर्णय सहमतीने. सहमती म्हणजे बैठकीला हजर असलेल्यांपैकी कुणीही औपचारिक हरकत घेतली नाही. एकाच दिवशी चार बैठका असल्या की दोन-तीन माणसांच्या दूतावासाची गैरहजेरी संमतीत जमा. निवडक देशांच्या 'ग्रीन रूम' बैठकांत मसुदा शिजतो आणि बाकीच्यांपुढे शेवटच्या रात्री येतो. १९९९ ला सिअ‍ॅटलची मंत्रिपरिषद कोसळली ती रस्त्यावरच्या निदर्शनांइतकंच आत डावललेल्या आफ्रिकी आणि कॅरिबियन देशांच्या रागामुळे.

दुसरं भोक आपल्या घरात. शेती हा राज्यांचा विषय, सातव्या अनुसूचीची राज्यसूची, नोंद १४. करार करणं केंद्राचा विषय, संघसूची, योगायोगाने तीही नोंद १४. अनुच्छेद २५३ मुळे करार अमलात आणायला संसद कुठल्याही विषयावर कायदा करू शकते, पण करारावर सही करण्याआधी संसदेची मंजुरी लागत नाही. उलट बाजू पाहा. भारत आणि एफ्टा देशांचा (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन) व्यापार करार १० मार्च २०२४ ला झाला. स्वित्झर्लंडमध्ये तो संसदेत गेला आणि शिवाय १०० दिवसांत ५०,००० सह्या जमवून सार्वमत मागायची मुभा नागरिकांना होती. त्याच एफ्टाच्या इंडोनेशियाबरोबरच्या करारावर तिथे मार्च २०२१ मध्ये सार्वमत झालंही, जेमतेम ५१.६ टक्क्यांनी करार वाचला. आपल्याकडे सही झाल्यावर मजकूर वाचायला मिळाला.

युरोपीय संघाने भारताबरोबरच्या वाटाघाटींसाठीचे आपले मसुदे २०२२ मध्ये स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवले. म्हणजे नाशिकच्या माणसाला दिल्लीपुढे काय मागण्या आहेत ते कळायला ब्रसेल्सचं पान उघडावं लागतं. करावं मात्र तेच: बौद्धिक संपदा, एसपीएस आणि मूळस्थानाचे नियम ही प्रकरणं उतरवून घ्या आणि त्यांवर कलमवार टिप्पणी वाणिज्य विभागाला व संसदेच्या वाणिज्यविषयक स्थायी समितीला पाठवा. समिती एखादा विषय तपासायला घेते तेव्हा लेखी निवेदनं मागवते, तीच वेळ साधायची.

बांधावरचा

सगळ्यांचे आभार. एफआरपीपुरतं म्हणायचं तर दर ठरतानाच कृषी मूल्य आयोगाकडे जाणं शहाणपणाचं दिसतंय. माहिती अधिकारात वाटाघाटींचे कागद मिळतात का? आणि हे सगळं इंग्रजीतच करावं लागतं का?

सीमाशुल्क

आयोग उसासाठी दरवर्षी वेगळा अहवाल काढतो आणि त्याआधी राज्यं, कारखाने व शेतकरी प्रतिनिधींचं मत घेतो. तिथे उत्पादनखर्चाबरोबर वर सांगितलेला पात्र उत्पादनाचा तक्ताही द्या. आयोगाचा अहवाल पुढे खटल्यातही वाचला जातो, तक्रारदार देशाकडूनसुद्धा, हे लक्षात ठेवून शब्द वापरा.

माहिती अधिकारात चालू वाटाघाटींचा मजकूर मागाल तर कलम ८(१)(अ), म्हणजे परराष्ट्र संबंध, दाखवून नकार येईल. 'का' आणि 'कशासाठी' हे प्रश्नही टाळा. अस्तित्वात असलेला कागद मागा: अमुक करारासाठी कुठल्या तारखांना हितसंबंधीयांच्या बैठका झाल्या, निमंत्रितांची यादी, इतिवृत्त, आणि कुठल्या राज्य सरकारांना मसुदा किंवा प्रश्नावली पाठवली. उद्योग महासंघ किती वेळा बोलावले आणि शेतकरी संघटना किती वेळा, हे त्या यादीतून कळतं. काही भाग गोपनीय असेल तर कलम १० नुसार तो झाकून बाकीचा द्यायला सांगा. ३० दिवसांत उत्तर, नाहीतर पहिलं अपील.

पोटकलम

भाषेचं: डब्ल्यूटीओच्या अधिकृत भाषा इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश. एन्क्वायरी पॉइंटला जाणारी हरकत इंग्रजीत दिली तर भाषांतरात दिवस जात नाहीत. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र केंद्राच्या कार्यालयालाही मराठीत करता येतो. कलम ६(१) मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा जिथून अर्ज करता त्या भागाची राजभाषा असं म्हटलंय. टपालाने पाठवा, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा, पोच जपून ठेवा.

आणि जिनिव्हातले समित्यांचे इतिवृत्त वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. मे २००२ च्या निर्णयानुसार ते वितरणानंतर ४५ दिवसांनी आपोआप खुले होतात. कृषी समितीत भारताला उसावर कुणी काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, ते त्यात सापडतं. पुढची तक्रार कुठून येणार, हे बहुधा त्या प्रश्नांतच आधी दिसतं.