ईसीजी नॉर्मल आला म्हणून त्रास खोटा नसतो

ताई, तुम्ही पत्रात लिहिलंत, नागपूरच्या सीताबर्डी मेट्रो स्टेशनवर छाती धडधडली, हातांना मुंग्या आल्या, आता मरते असं वाटलं. आणि ईसीजी नॉर्मल येताच घरचे म्हणाले, 'मनाचे खेळ!' हे वाचून फार वाईट वाटलं. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे त्या वेळी ईसीजीत बिघाड दिसला नाही, एवढंच. हा पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक येणारा तीव्र भीतीचा झटका, असू शकतो.

मुंग्या का येतात? घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग बोटं, ओठ बधिर होतात, चक्कर येते. म्हणून 'खोल श्वास घे' हा सल्ला कधीकधी उलटतो. माझ्या बहिणीला असं झालं की मी शेजारी बसून हळू आकडे मोजते: तीनपर्यंत नाकाने श्वास आत, सहापर्यंत बाहेर. आधी तिचे खांदे खाली येतात, मग आवाज फुटतो. झटका साधारण 10 मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरू लागतो.

मेट्रो मात्र सोडू नका. टाळत गेलं की भीती वाढते. सोबत कुणाला घेऊन एखादं स्टेशन जा, मग दोन. सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत यावरच काम करते. गोळ्या लागल्या तर गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच बंद करू नका. थायरॉइडही तपासून घ्या.

आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात धडधडलं तर आधी ऊन लागलंय का ते बघा.

नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजमध्ये मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मोफत बोलता येतं, मराठीतही.